घूंघूं आणि दोन वेटोळी



गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आठ दिवस माझ्या भाच्याचा निरोप आला, "मामा, सवड काढून येऊन जा. गिटार हटून बसलीय." भाचा तालुक्याच्या गावी राहतो. दिवसा दुकानात बसतो आणि उत्सवाच्या दिवसांत एका ऑर्केस्ट्रात विजेची गिटार वाजवतो. माझा उभा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला, म्हणून त्याला माझी आठवण झाली. गेलो. बघतो तो गिटारची पाठ उघडी, आतून चार रंगांच्या बारीक वायरी लोंबताहेत आणि शेजारी सोल्डरिंगची सळई अजून गरमच!

झाले होते ते असे. तारांखालचा जुना पिकप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, बंद पडला. त्याने पैसे साठवून नवा आणला. ह्या जातीच्या पिकपला 'हंबकर' म्हणतात. कुणाकडून तरी जोडणीचा नकाशा मिळवून त्याने तो स्वतःच बसवला. आवाज आला, पण तो कसा? डब्यातून आल्यासारखा, पातळ, अंगात बळ नसलेला. आणि त्याच्या मागे सारखी घूंऽऽ अशी घूंघूं. पूर्वीपेक्षा जास्तच.

"मामा, घूंघूं जावी म्हणून तर हा महागाचा आणला. चतुर्थीच्या कार्यक्रमाची सुपारी घेऊन बसलोय. आता काय करू?"

त्याला त्या रात्री जे समजावून सांगितले, तेच आज आपल्याला सांगावे असे मनात आहे. एका वायरीची ही गोष्ट आहे खरी, पण तिच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

आधी ही घूंघूं म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरात येणारी वीज एका दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे घेते. अमेरिकेत हाच आकडा ६० आहे. वीज जेथून वाहते तेथे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. वीज हेलकावली की तेही हेलकावते. भिंतीतली वायर, पंख्याची मोटर, ट्यूबलाइटचा चोक, अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर ही सगळी मंडळी खोलीभर हे हेलकावे पसरवीत असतात. आपल्या कानांना त्याचा पत्ता नसतो. पण तांब्याच्या तारेचे वेटोळे जवळ नेले, की त्याला मात्र तो लागलीच लागतो.

आणि गिटारचा पिकप म्हणजे दुसरे काय? लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याचे वेटोळे. मायकेल फॅरडे ह्या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले, की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. गिटारची पोलादी तार चुंबकावर थरथरते, क्षेत्र हलते, वेटोळ्यात अगदी दुबळी वीज उठते आणि ध्वनिवर्धक ती मोठी करून आपल्याला ऐकवतो. आपल्या वरातीतल्या बँजो पार्टीचा बँजो मोठा वाजतो, त्याच्या तारांखालीही हीच करामत असते. तारा मात्र लोखंडाच्या वंशातल्या हव्यात. आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारेला चुंबक ओळख देत नाही.

आता गिटारला विजेची गरज का पडली? तर पोटासाठी! १९३० च्या सुमारास अमेरिकेत नाचाच्या वाद्यवृंदांची चलती होती. कर्णे, सॅक्सोफोन, ढोल ह्यांच्या गर्दीत बिचाऱ्या गिटारचा आवाज कोणालाच ऐकू येईना. वादक पगार घेई आणि वाजवलेले त्याचे त्यालाच ऐकू येई. १९३१ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशँ ह्या वादकाने अॅडॉल्फ रिकनबॅकर ह्या कारखानदाराच्या साहाय्याने नालाच्या आकाराचे दोन चुंबक आणि एक वेटोळे वापरून विजेची गिटार तयार केली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाई जातीची गिटार होती. आकार असा, की लोक तिला 'तव्याची गिटार' म्हणू लागले. तिचे पेटंट १९३७ साली मिळाले. आपल्याकडे व्हॅन शिप्ले ह्यांनी विजेच्या गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या चाली रेडिओवर पुष्कळांनी ऐकल्या असतील. त्या घराण्याचा मूळ पुरुष हाच तवा!

पुढे १९३६ साली गिब्सन कंपनीने उभी धरून वाजवायची विजेची गिटार बाजारात आणली. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण ती घेऊन बेनी गुडमन ह्यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि कर्ण्यांच्या बरोबरीने एकेक सूर ठणकावून वाजवू लागला. गिटारला कंठ फुटला. पण कंठाबरोबर खोकलाही आला. तो खोकला म्हणजे आपली घूंघूं. वेटोळे तारेचे ऐकते तसेच भिंतीतल्या वायरीचेही ऐकते. त्याला आपले आणि परके कळत नाही. वादक थांबला, सभागृह शांत झाले, की ही घूंघूं अधिकच कानावर येई.

आता आपण मिशिगन राज्यातील कॅलामाझू ह्या गावी जाऊ. गिब्सन कंपनीचा कारखाना तेव्हा ह्याच गावात होता. सेथ लव्हर नावाचा एक माणूस तेथे कामाला होता. जन्म ह्याच गावचा, १९१० चा. रेडिओच्या विद्येत मुरलेला. आरमारात नोकरी करून १९५२ साली तो गिब्सनमध्ये परत आला. त्याच साली कंपनीने लेस पॉल ह्या प्रसिद्ध वादकाच्या नावाची गिटार काढली होती. तिच्यात एकेरी वेटोळ्याचे पिकप होते. आवाज भरदार, पण घूंघूं आहेच. १९५४-५५ साली लव्हर तिच्या मागे लागला.

रेडिओवाल्यांना ह्या रोगावरचा एक उतारा आधीपासून ठाऊक होता. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंत मोठे स्पीकर असत. त्यांतल्या काहींत घूंघूं मारण्यासाठी उलट जोडलेले एक छोटे वेटोळे बसवलेले असे. मी अशी वेटोळी हातांनी काढली आणि बसवली आहेत. लव्हरनेही अँप्लिफायरमध्ये अशी उलटी जोडी वापरलेली होती. मग पिकपमध्ये का वापरू नये, असा त्याचा विचार. 'हम' म्हणजे घूंघूं आणि 'बक' म्हणजे सामोरे उभे राहून विरोध करणे. त्यावरून नाव पडले हंबकर.

त्याने काय केले ते नीट ध्यानात घ्या. एका वेटोळ्याच्या जागी त्याने शेजारी-शेजारी दोन घेतली. दोन्हींचे वेढे सारखे. पण दोन्ही एकमेकांना उलट जोडली. बाहेरची घूंघूं दोन्हींत सारखीच शिरते. एकीत ती पुढे जाते तेव्हा दुसरीत मागे जाते. बेरीज केली की शून्य. घूंघूं गेली!

"पण मामा," भाच्याने इथेच मला अडवले, "मग तारेचा आवाजही असाच जायला पाहिजे!"

शंका अगदी बरोबर आहे. खरी खुबी तिच्यातच आहे. लव्हरने दोन्ही वेटोळ्यांखाली मिळून एक चपटा चुंबक आडवा ठेवला. त्यामुळे एका वेटोळ्यात तारेकडे चुंबकाचे उत्तर टोक आले आणि दुसऱ्यात दक्षिण टोक. म्हणजे तारेपुरत्या दोन गोष्टी उलट झाल्या: वेटोळे उलट आणि चुंबकही उलट. शिक्षक मुलांना सांगतात ना, की उण्याला उण्याने गुणले की अधिक होते? तेच येथे होते. तारेचा आवाज दोन्ही वेटोळ्यांत एकाच दिशेने उठतो आणि त्याची बेरीज होते. घूंघूंचा मात्र चुंबकाशी काही संबंध नाही. ती बाहेरून येते, तिला उलटेपणा एकदाच भेटतो आणि ती मरते. आपले कोण आणि परके कोण हे वेटोळ्याला कळत नव्हते. चुंबकाच्या दोन टोकांनी ते कळू लागले.

लव्हरने २२ जून १९५५ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळाले २८ जुलै १९५९ रोजी. कल्पना मात्र त्याच्या एकट्याची नव्हती. दोन वेटोळ्यांच्या युक्तीवर त्याच्या आधीही पेटंटे निघाली होती. आणि त्याच सुमारास इलिनॉय राज्यातील केरो गावचा रे बट्स हा कारागीर चेट अॅटकिन्स ह्या नामांकित वादकासाठी तसाच पिकप स्वतंत्रपणे घडवीत होता. तो ग्रेच कंपनीच्या गिटारमध्ये बसू लागला. दोन गावांत दोन माणसे एकाच दुखण्यावर एकच औषध शोधतात, असे इतिहासात पुष्कळदा घडते. दुखणे सगळ्यांचे असले की औषधही एकाच्याच हाती राहत नाही.

१९५७ सालापासून लेस पॉल गिटारमध्ये हंबकर बसू लागला. त्याच्या एका वेटोळ्यावर तारांखाली सहा स्क्रू असतात, ते वरखाली करता येतात. लव्हरने पुढे सांगितले, की मूळ नमुन्यात ते नव्हते. विक्री करणाऱ्या मंडळींना गिऱ्हाइकाजवळ बोलायला काहीतरी हवे होते, म्हणून ते आले. प्रत्येक वेटोळ्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे ५००० वेढे. वेढे मोजून यंत्र आपोआप थांबण्याची सोय तेव्हा नव्हती. कारागीर अंदाजाने थांबवी. त्यामुळे कुठे वेढे जास्त, कुठे कमी, आणि प्रत्येक पिकपचा आवाज थोडा वेगळा. पेटंट यायचे होते म्हणून पिकपच्या पाठीवर काळी चिठ्ठी चिकटवीत. तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची ओळ असे. पेटंट मिळाल्यावर काही वर्षांनी चिठ्ठीवर क्रमांक छापू लागले, तोही भलताच! तो क्रमांक लेस पॉलच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा होता. कोणी म्हणतात चूक झाली, कोणी म्हणतात नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी मुद्दाम केले.

गंमत अशी, की ह्या गिटारी तेव्हा फारशा खपल्या नाहीत. १९६० नंतर कंपनीने तो घाट बंद केला. पुढे १९६६ साली इंग्लंडात एरिक क्लॅप्टन ह्याने तसलीच जुनी गिटार मोठ्या अँप्लिफायरला जोडून तिचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत चढवला. एकेरी वेटोळ्याने असे करायला जावे, तर घूंघूंही तितकीच चढते. हंबकरला तो ताण सोसला. स्वच्छ आवाजासाठी घडवलेले हत्यार आवाज फाडण्याच्या कामी आले! मागणी इतकी वाढली, की १९६८ साली गिब्सनने लेस पॉल गिटार पुन्हा काढायला सुरुवात केली. त्या जुन्या चिठ्ठीवाल्या पिकपसाठी लोक आज मूठ-मूठ पैसे मोजतात. सर्वांना ते कसे परवडणार? मग नुसते पिकप बदलण्याचा धंदा उभा राहिला. १९७२ साली लॅरी डीमार्झिओ ह्याने अमेरिकेत बदली हंबकर विकायला आणला, १९७६ साली सेमूर डंकन ह्यांची कंपनी निघाली, आणि जुन्या गिटारला नवा कंठ बसवणे घरोघरच्या हौशी हातांत आले.

आता आपण भाच्याच्या उघड्या गिटारपाशी येऊ.

जुन्या हंबकरमधून एकच वायर निघे आणि तिच्याभोवती जाळीचे कवच असे. चुकायला जागाच नव्हती. नव्यांतून बहुधा चार वायरी निघतात, प्रत्येक वेटोळ्याच्या दोन, आणि पाचवी उघडी, जी अर्थची. चार असल्या म्हणजे वेटोळी एकापुढे एक जोडता येतात, समांतर जोडता येतात, किंवा एकच वापरता येते. सोय मोठी. पण चुकीची वाटही त्याच दाराने येते. कारण प्रत्येक घराण्याचे रंग निराळे! डंकनच्या पिकपमध्ये काळी वायर बोलकी, म्हणजे आवाज बाहेर नेणारी. पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून बंद करायच्या, हिरवी आणि उघडी अर्थला. डीमार्झिओमध्ये लाल बोलकी, काळी आणि पांढरी जोडायच्या, हिरवी आणि उघडी अर्थला. काळी वायर एका घरी मालकीण, तर दुसऱ्या घरी मधली जाऊ! एका घराचा नकाशा दुसऱ्या घरी लावला की संसार बिघडलाच म्हणून समजा.

बाकीचे काम असे. प्रथम गिटार अँप्लिफायरपासून सोडवा. तारा सैल करा. जुनी जोडणी कागदावर काढून ठेवा आणि मगच डाग सोडवा. बोलकी वायर व्हॉल्यूमच्या बटणाच्या एका टोकाच्या पायाला, मधला पाय बाहेर जाणाऱ्या वायरीला, तिसरा पाय बटणाच्याच पत्र्याच्या पाठीला. सगळे अर्थ त्याच पाठीवर एकत्र येतात. हंबकरला बटण बहुधा ५०० किलोओहमचे आणि टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावतात. एकेरी वेटोळ्याला सहसा २५० किलोओहमचे बटण असते. हंबकर तारेचे दोन जागी ऐकतो आणि त्यात वेढेही भरपूर, म्हणून अगदी बारीक, टिपेचा आवाज थोडा दबतो. मोठ्या बटणाने तो जरा राखला जातो. घूंघूं गेली त्याची ही किंमत. म्हणूनच काही वादक आजही एकेरी वेटोळ्यालाच धरून आहेत, आणि त्यांचेही चूक नाही.

एक गोष्ट मात्र अडून सांगतो. तारांना टेकलेल्या पट्टीपासून अर्थकडे जाणारी वायर तोडू नका. आणि मांडवात ज्या प्लगला अँप्लिफायर लावाल त्याचे अर्थिंग नीट आहे की नाही ते वायरमनकडून पाहून घ्या. वादकाची बोटे तारांवर असतात आणि तारा अर्थशी बांधलेल्या असतात. तेथे हयगय झाली, तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, जिवाचा होतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या शाळेत गॅल्व्हानोमीटर असेल तर हा प्रयोग वर्गात करता येईल. विद्युतरोधी आवरणाच्या तांब्याच्या तारेची सारख्या वेढ्यांची दोन वेटोळी करा. २०० वेढे पुरतील. ती शेजारी ठेवून एकमेकांना उलट जोडा आणि राहिलेली दोन टोके गॅल्व्हानोमीटरला द्या. एका फूटपट्टीला दोन सारखे दंडचुंबक असे बांधा, की दोन्हींची उत्तर टोके खाली येतील आणि एकेक टोक एकेका वेटोळ्यावर राहील. पट्टी झटकन खाली आणा. काटा जवळजवळ हलणार नाही. ही झाली घूंघूं. आता एक चुंबक उलटा बांधून पट्टी पुन्हा तशीच आणा. काटा एका वेटोळ्याने हलला असता त्याच्या दुप्पट हलेल. हा झाला तारेचा आवाज. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

भाच्याकडेही आम्ही हेच केले, फक्त उलट बाजूने. काट्याचे मीटर घेतले. आधी कोणत्या दोन वायरी एका वेटोळ्याच्या ते मोजून पाहिले. मग मीटरची टोके त्याच्या जोडणीच्या क्रमाने पहिल्या वेटोळ्याला लावली आणि त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचे पोलादी टोक टेकवले. काटा उजवीकडे उडाला. दुसऱ्या वेटोळ्याला त्याच क्रमाने लावून टोक टेकवले, तर काटा डावीकडे! दोन्हीकडे तो एकाच बाजूला उडायला हवा होता. भाच्याच्या ध्यानात आले.

"म्हणजे मी उलट्याचं सुलट केलं?"

"होय रे बाबा. नकाशा एका कंपनीचा आणि पिकप दुसऱ्या कंपनीचा. एक वेटोळं उलटं फिरलं. त्यामुळे तारेचा आवाज आपसात भांडून मेला आणि घूंघूंची दोन्हीकडून बेरीज झाली. पिकप काही बिघडलेला नाही."

पिकप चांगला, डाग पक्के, बटणे नवी. दोष तेवढा दोन वायरींच्या जागेचा. त्यांची अदलाबदल त्याच्याकडूनच करून घेतली. त्याचा हात जरा थरथरत होता, पण डाग चकचकीत बसला. अँप्लिफायर लावला. डोक्यावर ट्यूबलाइट चालू, कोपऱ्यात पंखा फिरतोय. त्याने आवाज पुरा चढवला आणि तारांवर तळहात ठेवला. खोलीत पंख्याचाच काय तो आवाज. मग त्याने हात उचलला आणि तार छेडली. गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली, इतका भरीव सूर निघाला!

चतुर्थीचा कार्यक्रम मी मागे उभा राहून ऐकला. गाणे संपले, टाळ्या पडायच्या आधी जो एक शांत क्षण असतो, त्यात नुसते रातकिडे ऐकू आले. मांडवातल्या कोणालाही त्याचे काही वाटले नसेल. सत्तर वर्षांमागे कॅलामाझूच्या त्या माणसाने खटपट केली ती तेवढ्या क्षणासाठी.

तुमच्या घरी कोणी मुलगा किंवा मुलगी सळई घेऊन असली वाद्ये उघडून बसली, तर रागावू नका. नकाशा त्याच वस्तूचा आहे ना, एवढे मात्र आधी विचारा.